भोसरीहून ये-जा करून एम.एस्सी. करावे का?

धाराशिव जिल्ह्यातील भूम तालुक्यातून एका विद्यार्थिनीचे पत्र आले आहे. वनस्पतिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेल्या या मुलीला सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात एम.एस्सी.साठी प्रवेश मिळाला आहे. घरी तीन एकर कोरडवाहू जमीन असून सोयाबीन हेच मुख्य पीक आहे. तिचे प्रश्न असे: वसतिगृहाच्या यादीत नाव आलेले नाही, तेव्हा भोसरीला मामांकडे राहावे की विद्यापीठाजवळ कॉट बेसिसवर, म्हणजे सामायिक खोलीत एका खाटेपुरती, जागा घ्यावी? ऐच्छिक विषय गुण देणारे निवडावेत की आवडीचे? संशोधन करायचे आहे, पण इंग्रजीची भीती वाटते आणि शास्त्रज्ञांशी काय बोलावे ते सुचत नाही, त्याचे काय करावे? आणि तीन हजार रुपये भरल्यास घरबसल्या इंटर्नशिपचे प्रमाणपत्र देऊ, असे एक कंपनी सांगते, ते घ्यावे का?

सप्रेम नमस्कार.

राहण्याचा प्रश्न तुम्ही सोयीचा प्रश्न म्हणून विचारला आहे आणि संशोधनाचा प्रश्न महत्त्वाचा म्हणून. माझ्या मते राहण्याच्या प्रश्नाचे उत्तर आधी नीट मिळाले पाहिजे, कारण उरलेल्या तीन प्रश्नांची उत्तरे बऱ्याच अंशी त्यावरच ठरणार आहेत. तुमच्या विषयातील प्रयोग तासिका संपल्या की संपत नाहीत. अंकुरणाची मोजणी रोज ठरावीक वेळी करावी लागते, बुरशीच्या वाढीचा व्यास दर दिवशी मोजावा लागतो, आणि दुपारी उशिरा लावलेले डीएनए तपासणीचे जेल संध्याकाळच्या बसची वाट पाहत नाही. जी विद्यार्थिनी पाच वाजता दप्तर आवरून निघते, ती अभ्यासक्रम पूर्ण करते, पण प्रयोगशाळेत तिची जागा तयार होत नाही.

भोसरीहून यायचे म्हणजे नाशिक फाट्यापर्यंत बस किंवा रिक्षा, तेथून मेट्रोने शिवाजीनगर, मग पुन्हा बस, आणि विद्यापीठाच्या फाटकातून विभागापर्यंतची पायपीट. गणेशखिंड रस्त्यावरची गर्दी जमेस धरली, तर जाऊन-येऊन दोन-अडीच तास सहज जातात. शिवाय मामा-मामींकडे आठ दिवस पाहुणी म्हणून राहणे वेगळे आणि दोन वर्षे घरातली एक म्हणून राहणे वेगळे. घरात पाहुणे आले, मामींना बरे नसले, भावंडांच्या परीक्षा आल्या, की मदतीला तुम्ही उभ्या राहणार, आणि राहिलेच पाहिजे. त्यात कोणाचा दोष नसतो, पण रात्री वाचनासाठी उरणारा वेळ त्यातच जातो. म्हणून माझा सल्ला असा की पहिले काही आठवडे मामांकडे अवश्य राहा, त्यांच्या आधाराने शहर समजून घ्या, आणि पहिल्या सत्राची घडी बसायच्या आत विद्यापीठाजवळ जागा पाहा. मामांना हे आताच, मोकळेपणाने सांगा. दोन महिन्यांनी अचानक निघालात, तर त्यांना उगाच वाटत राहील की आपल्याकडून काही कमी पडले.

वसतिगृहाची आशा इतक्यात सोडू नका. प्रवेश घेतलेले काही विद्यार्थी दुसरीकडे निवड झाल्यावर निघून जातात, खोल्या रिकाम्या होतात आणि पुढच्या याद्या लागतात. त्यासाठी लेखी अर्ज वसतिगृह कार्यालयात देऊन त्याची पोच घ्या आणि अधूनमधून स्वतः जाऊन चौकशी करा, कारण जे समोर असतात त्यांना रिकामी जागा आधी कळते. मैत्रिणीच्या खोलीत नोंदणीशिवाय, ज्याला तिथली मुले ‘पॅरासाइट’ राहणे म्हणतात, तसे मात्र राहू नका. तपासणी झाली तर तुमच्याबरोबर जिने आसरा दिला तिचीही जागा जाते. विद्यार्थी साहाय्यक समिती ही संस्था १९५५ पासून ग्रामीण भागातून पुण्यात शिकायला येणाऱ्या मुला-मुलींची अल्प खर्चात राहण्या-जेवण्याची सोय करत आली आहे. तिच्याकडे अर्जाची मुदत आणि अटी लगेच विचारून घ्या.

कॉट घ्यायची झाली, तर औंध आणि पाषाणपेक्षा खडकी, बोपोडी आणि जुनी सांगवी या भागांत भाडे साधारणपणे आवाक्यात असते आणि विद्यापीठही लांब पडत नाही. जागा पाहताना मुली खिडकी आणि कपाट पाहतात. तुम्ही आधी विचारा की रात्री फाटक किती वाजता बंद होते आणि प्रयोगशाळेतून उशीर होणार असेल तर विभागाचे पत्र चालेल का. नऊ वाजता कुलूप लागणारी जागा स्वस्त असली तरी तुमच्या कामाची नाही. त्यानंतर पाणी किती वेळ येते, विजेचे पैसे भाड्यात आहेत की मीटरवर, अनामत रक्कम किती आणि ती परत केव्हा मिळणार, जागा सोडण्यापूर्वी किती दिवस आधी सांगावे लागते, हे सगळे विचारून लिहून घ्या. ज्या मुली तिथे आधीपासून राहतात त्यांच्याशी मालकीणबाई समोर नसताना बोला, आणि एक वेळचे जेवण त्याच खाणावळीत घेऊन पाहा.

दोघी-तिघींनी मिळून फ्लॅट घेणार असाल, तर ११ महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार होईल. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार हा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी जागामालकावर असते. नोंदणी झालेली नसेल आणि पुढे वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. मालकाशी भांडण्यासाठी मी हे सांगत नाही. ‘कराराची काय गरज आहे, आपण घरचेच’ असे कोणी म्हणाले, तर नम्रपणे पण ठामपणे करार मागता यावा, म्हणून सांगते. हाच कागद शिष्यवृत्तीच्या अर्जात निवासाचा पुरावा म्हणूनही उपयोगी पडतो.

आता विषयांकडे वळू. नव्या शैक्षणिक धोरणानुसार तुमचा अभ्यासक्रम चार सत्रांत मिळून ८८ क्रेडिटचा आहे. पहिल्या सत्रात संशोधन पद्धतीचा ४ क्रेडिटचा विषय सक्तीचा असतो, दुसऱ्या सत्रात ४ क्रेडिटचे ऑन जॉब ट्रेनिंग म्हणजे ओजेटी किंवा क्षेत्रीय प्रकल्प असतो, आणि संशोधन प्रकल्पाला तिसऱ्या सत्रात ४ व चौथ्या सत्रात ६ क्रेडिट मिळतात. हा क्रम नीट पाहिला, तर ऐच्छिक विषय कसे निवडावेत याचे उत्तर त्यातच आहे. तिसऱ्या सत्रात ज्या प्रश्नावर प्रकल्प करायचा, त्याला लागणारे तंत्र आणि वाचन आधीच्या ऐच्छिक विषयांतून मिळाले पाहिजे. गुण देणारा विषय म्हणजे पुष्कळदा मागच्या तुकडीने नोटा तयार ठेवलेला विषय. त्याने ग्रेड थोडी वाढते, पण पुढे पीएच.डी.च्या मुलाखतीत पहिला प्रश्न तुमच्या प्रकल्पावर येतो आणि तिथे दुसऱ्याच्या नोटा साथ देत नाहीत. संशोधन पद्धतीचा विषय मुले जाता-जाता उरकतात. तसे करू नका. त्यातील संख्याशास्त्र मनापासून करा, कारण वनस्पतिशास्त्राची बरीच मुले पुढे नेमकी तिथेच अडखळतात.

तुमच्या पत्रात एक वाक्य असे आहे, जे तुम्ही केवळ घरची परिस्थिती सांगताना ओघात लिहिले आहे: गेल्या खरिपात शेंगा भरण्याआधीच सोयाबीन पिवळे पडून वाळले आणि उत्पन्न निम्म्यावर आले. हे वाक्य मी पुन्हा वाचले. पिवळे पडण्याची कारणे अनेक असतात. पानावर हिरवे-पिवळे चट्टे असतील, तर पांढऱ्या माशीमुळे पसरणारा पिवळा मोझॅक हा विषाणूजन्य रोग असू शकतो. झाडाचे खोड उभे चिरल्यावर आत लालसर पोकळ वाट दिसत असेल, तर ते खोडमाशीच्या अळीचे काम असते. आणि पावसाने ताण दिलेला असताना झाडे वाळली असतील, बुंध्याजवळची साल सोलल्यावर आत कोळशाच्या पुडीसारखे बारीक काळे कण दिसत असतील, तर ती मॅक्रोफोमिना फेजिओलिना या बुरशीने होणारी खोडकूज, म्हणजे चारकोल रॉट, असण्याची शक्यता मोठी. तुमच्या शेतात यांपैकी काय होते? वडिलांनी जे औषध फवारले ते यांपैकी कशावरचे होते? हे तुम्हाला सांगता येत नसेल, तर संशोधनाचा प्रश्न तुमच्या बांधावरच उभा आहे. वनस्पती रोगशास्त्र आणि बुरशीशास्त्र यांच्याशी संबंधित जे ऐच्छिक विषय विभागात उपलब्ध असतील, ते घ्या असे मी म्हणेन, आणि हे केवळ भावनेपोटी म्हणत नाही. ज्या पिकाची प्रत्येक अवस्था तुम्ही डोळ्यांनी पाहिली आहे, त्याविषयी तुमचे निरीक्षण शहरात वाढलेल्या हुशार विद्यार्थ्यापेक्षा पुढे असते, आणि संशोधनात निरीक्षणाला पर्याय नाही.

या प्रश्नासाठी पुण्यासारखी जागा नाही. आघारकर संशोधन संस्था १९४६ मध्ये महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीची प्रयोगशाळा म्हणून सुरू झाली. तिथे सोयाबीनवर अनेक वर्षे काम चालू आहे आणि एमएसीएस ११८८, एमएसीएस १४०७ हे वाण तिथलेच. बियाण्याच्या पिशवीवर ही अक्षरे तुमच्या घरीही कदाचित आली असतील. बुरशींच्या संवर्धांचा, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवून जपलेल्या बुरशींचा, राष्ट्रीय संग्रहही त्याच संस्थेत आहे. वनस्पतींची ओळख पक्की करायची असेल, तर कोरेगाव पार्क भागात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागीय केंद्राचा वाळवलेल्या नमुन्यांचा संग्रह आहे. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि आयसर ही विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था पाषाणला आहेत. एवढ्या संस्था बसच्या अंतरावर असताना अनेक विद्यार्थी दोन वर्षांत एकाही संस्थेची पायरी चढत नाहीत, याचे मला शिकवत असल्यापासून वाईट वाटत आले आहे.

शास्त्रज्ञांना काय लिहावे, हे तुम्ही विचारले आहे. ‘आपल्या नामांकित संस्थेत आपल्या मार्गदर्शनाखाली काम करण्याची माझी तीव्र इच्छा आहे’ असा मजकूर एकाच वेळी पन्नास जणांना पाठवला जातो, आणि वाचणाऱ्याला ते पहिल्या ओळीतच कळते. तुमचा ईमेल पाच-सहा वाक्यांचा पुरे. पहिल्या वाक्यात तुम्ही कोण आणि कोणत्या विभागात शिकता ते सांगा. दुसऱ्यात त्यांचा कोणता शोधनिबंध वाचला आणि त्यातील कोणती गोष्ट तुमच्या प्रश्नाशी जोडलेली आहे ते लिहा. मग तुमच्या शेतात काय दिसले ते, जसे दिसले तसे सांगा: कोणत्या महिन्यात, पाऊस थांबून किती दिवस झाले होते, साल सोलल्यावर काय आढळले. त्यानंतर हाताला काय येते ते लिहा, म्हणजे बुरशी वाढवण्याचे माध्यम तयार करणे, निर्जंतुकीकरण, खोडाचे काप घेणे, हर्बेरियमसाठी वाळवलेले नमुने करणे. जे येत नाही ते येते असे लिहू नका, पहिल्याच दिवशी उघडे पडते. शेवटी कोणत्या महिन्यांत आणि आठवड्याचे किती तास येऊ शकता ते सांगा. सोबत एक पानाचा परिचय जोडा. दोन आठवड्यांत उत्तर आले नाही तर एकदा आठवण करा, आणि तरीही आले नाही तर मनाला लावून न घेता दुसऱ्यांना लिहा. बाहेर लिहिण्यापूर्वी विभागातील एखाद्या शिक्षकांना विश्वासात घ्या. त्यांचा एक फोन तुमच्या दहा ईमेलपेक्षा लवकर पोचतो, आणि प्रकल्पासाठी बाहेरच्या संस्थेत जायला विभागाची परवानगी तशीही लागते.

इंग्रजीबद्दल सांगायचे तर भीतीचा आणि गरजेचा विचार वेगवेगळा करा. पुण्यातल्या बऱ्याच प्रयोगशाळांत मराठीत बोलता येते, आणि जिथे शास्त्रज्ञ केरळचे किंवा बंगालचे असतील तिथे मोडक्या इंग्रजीला कोणी हसत नाही. त्यांच्यापैकी अनेक जण त्याच वाटेने आलेले असतात. वाचन आणि लेखन मात्र इंग्रजीतच करावे लागेल. आठवड्याला एक शोधनिबंध घ्या आणि तो पहिल्या पानापासून वाचू नका. आधी कार्यपद्धतीचा भाग वाचा, कारण तिथली वाक्ये ठरावीक साच्याची असतात, शब्द तेच ते येतात, आणि तुम्ही प्रयोगशाळेत हाताने केलेलीच कृती तिथे लिहिलेली असते. मग आकृत्या आणि तक्ते पाहा, आणि प्रस्तावना सर्वांत शेवटी. रोजची प्रयोगवही पहिल्या दिवसापासून इंग्रजीत ठेवा, चुका झाल्या तरी. वर्षभराने प्रबंध लिहायला बसाल तेव्हा निम्मी वाक्ये त्या वहीत तयार सापडतील.

तीन हजार रुपयांचे प्रमाणपत्र घेऊ नका. जिथे काम करणाऱ्याने पैसे भरायचे आणि प्रत्यक्ष काम काहीच नाही, त्याला इंटर्नशिप म्हणत नाहीत. ओजेटी विभागाने मान्य केलेल्या ठिकाणीच करावी लागते. ४ क्रेडिटसाठी सुमारे १२० तासांचे प्रत्यक्ष काम, रोजची नोंदवही, तिथल्या पर्यवेक्षकांचा अभिप्राय आणि विभागातील मार्गदर्शकांकडून मूल्यमापन, एवढे सगळे त्यात असते, आणि ते विकतच्या कागदावर भागत नाही. तुमच्या विषयाला चांगल्या जागा आहेत: मांजरीचे राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र, राजगुरुनगरची कांदा-लसूण संशोधन संस्था, बारामतीजवळ माळेगावची अजैविक ताण (दुष्काळ, उष्णता यांसारखे ताण) व्यवस्थापन संस्था. खर्चाचा विचार करता तुमच्या जिल्ह्यातले तुळजापूरचे कृषी विज्ञान केंद्र हाही एक चांगला पर्याय आहे. शेतकरी रोगट झाडे घेऊन तिथे येतात आणि तुम्हाला नेमके तेच पाहायचे आहे. मात्र विभागाची मान्यता आणि त्या संस्थेचे संमतीपत्र दोन्ही आधी हाती असू द्या.

याशिवाय बंगळुरू, दिल्ली आणि प्रयागराज येथील तिन्ही विज्ञान अकादमी मिळून दर उन्हाळ्यात विद्यार्थ्यांना देशभरातील प्रयोगशाळांत दोन महिन्यांची संशोधन शिष्यवृत्ती देतात. तिचे अर्ज उन्हाळ्यात नव्हे, तर आदल्या वर्षी दिवाळीच्या आसपास भरायचे असतात, आणि शिक्षकांचे शिफारसपत्र लागते. पहिल्या सत्रात शिक्षक तुम्हाला ओळखू लागण्याच्या आतच मुदत संपते, म्हणून बी.एस्सी.च्या ज्या शिक्षकांनी तुमचे काम पाहिले आहे, त्यांना आताच सांगून ठेवा.

वडिलांची इच्छा आहे की सोबत एमपीएससीचा वर्गही लावावा, असे तुम्ही शेवटी लिहिले आहे. पहिल्या वर्षी लावू नका. त्याऐवजी सीएसआयआर-यूजीसी नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेच्या जीवविज्ञान विषयाचा अभ्यासक्रम काढून एम.एस्सी.च्या विषयांबरोबरच त्याची तयारी सुरू करा. त्या परीक्षेतून कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती मिळाली, तर पीएच.डी.च्या पहिल्या दोन वर्षांसाठी महिना ३७,००० रुपये आणि नियमानुसार घरभाडे भत्ता मिळतो. महाराष्ट्र आणि गोव्यासाठीची सेट परीक्षा तुमचेच विद्यापीठ घेते आणि ती सहायक प्राध्यापकपदाच्या पात्रतेसाठी उपयोगी पडते. वडिलांसमोर हे आकडे आणि हे मार्ग ठेवा. मुलगी दोन वर्षांनी काय करणार, हे त्यांना दिसत नाही म्हणून ते एमपीएससीचे नाव घेतात, आणि त्यांची काळजी रास्त आहे.

पैशांचे काम मात्र या आठवड्यातच करा. तुमचा प्रवर्ग पत्रात नाही, म्हणून सर्वच सांगते. अनुसूचित जातीच्या, शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या विद्यार्थ्यांसाठी भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे आणि पुण्यासारख्या शहरात तिच्यातून वर्षाला ६०,००० रुपये मिळतात. अनुसूचित जमातींसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजना आणि इतर मागासवर्गीयांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. मराठा व कुणबी विद्यार्थ्यांनी सारथी या शासकीय संस्थेच्या योजनाही पाहाव्यात. शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटी या शासकीय संकेतस्थळावर भरले जातात. अटी दर वर्षी त्या वर्षीच्या शासन निर्णयातच वाचाव्यात, मैत्रिणीच्या सांगण्यावर जाऊ नये. विद्यापीठाची कमवा व शिका योजना सर्वांसाठी आहे. त्यात ग्रंथालयात किंवा विभागात दिवसाचे दोन-तीन तास काम मिळते. शक्य झाल्यास काम विभागातच मागून घ्या. रोपवाटिकेला पाणी घालणे असो की नमुन्यांच्या नोंदी करणे असो, त्या निमित्ताने शिक्षकांच्या नजरेसमोर राहता येते.

भूमला जाल तेव्हा तहसीलमधून चालू वर्षाचा उत्पन्नाचा दाखला काढा, बँक खाते आधारशी जोडलेले आहे याची शाखेत जाऊन खात्री करा, आणि विद्यापीठ बदलत असल्यामुळे जुन्या विद्यापीठाकडे स्थलांतर प्रमाणपत्रासाठी लगेच अर्ज करा. ते वेळेत पोचले नाही, तर पात्रतेचे काम अडकते आणि परीक्षेचा अर्ज भरताना धावपळ होते. आणि त्याच फेरीत शेतात जाऊन यंदाच्या सोयाबीनची चार-सहा झाडे मुळासकट उपटून, कागदात गुंडाळून, तारीख लिहून सोबत घेऊन या.